ग्रेचं थान

माझे वडील, अण्णा, मालेगावात एका कापडाच्या पेढीवर माल तपासायचे. लूमवरून उतरलेलं थान आलं की आधी कडेचा एक धागा ओढून काढायचे, काडी पेटवून त्याला लावायचे आणि डोळे मिटून वास घ्यायचे. कागद जळल्यासारखा वास आला आणि राख चिमटीत चुरून उडून गेली, की कापूस. धागा आक्रसून टोकाला काळा टणक मणी झाला, की पॉलिस्टर. मग भिंग लावून इंचात किती धागे ते मोजायचं, थान उलगडून तुटका धागा, जाळं, तेलाचा डाग बघायचा, आणि शेवटी लाल चोपडीत नोंद. या सगळ्या मालाला पेढीवर एकच शब्द होता, 'ग्रे'. शाळेत इंग्रजीतून रंगांची नावं पाठ केली तेव्हा मी अण्णांना म्हटलं होतं, तुमचं ग्रे तर पिवळट पांढरं आहे, ग्रे म्हणजे राखाडी. अण्णा म्हणाले, "ताई, आमच्याकडं ग्रे म्हणजे ज्याला अजून रंग लागला नाही ते."

रंग लागायला ते थान ट्रकमधून राजस्थानात जायचं, पालीला, बालोतराला. अजूनही जातं. तिथून रंगून, छापून कुठं जायचं ते अण्णांना कधी कळलं नाही. आयुष्यभर कापूस हाताळलेल्या माणसानं रंगवलेलं कापड पाहिलं ते दिवाळीला घरच्यांसाठी दुकानात गेल्यावरच.

आणि रंग तर मालेगावच्या कुशीत होता. एका अंगाला सटाणा, देवळा, म्हणजे डाळिंबाचा पट्टा. दुसऱ्या अंगाला चांदवड, त्यापुढं लासलगाव, पिंपळगाव, म्हणजे कांदा. डाळिंबाच्या सालीनं आणि कांद्याच्या पापुद्र्यानं सुती कापड रंगतं, हे मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. कापड आमच्याच जिल्ह्यात विणलं जातं, रंग आमच्याच जिल्ह्यात उकिरड्यावर पडतो, आणि दोघांची गाठ पडत नाही. गेली सहा वर्षं ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही.

खरं तर ते मला लहानपणीच कळायला हवं होतं. आई डाळिंब सोलायला घ्यायच्या आधी आम्हाला जुने फ्रॉक घालायला लावायची. डाळिंबाचा डाग, केळीच्या चिकाचा डाग, जांभळाचा डाग, हे साबणाला दाद देत नाहीत, हे आपल्याकडं प्रत्येक घरात माहीत असतं. लोखंडी सुरीनं डाळिंब कापलं की सुरीही काळी होते, बोटंही. पुढं मी रंगकामाची माहिती वाचायला लागले तेव्हा लक्षात आलं, की आईनं ज्याला ज्याला डाग म्हणून हाकललं होतं तेच तर पक्के रंग. साबणाला दाद न देणं हाच त्यांचा गुण.

नाशिकला मखमलाबाद रोडवर आमचं घर आहे, वर मोकळी गच्ची. पहिल्यांदा मी उत्साहाच्या भरात रसवाल्याकडून डाळिंबाच्या सालींची पिशवी आणली, पातेल्यात उकळली, त्यात अण्णांनी दिलेल्या ग्रेचा तुकडा बुडवला. बाहेर काढला तेव्हा छान हळदी दिसत होता. पहिल्या धुण्यात सगळा रंग बादलीत उतरला. अण्णा तेव्हा आमच्याकडं आले होते. ते म्हणाले, "कांजी काढली होतीस का?" लूमवर चढवायच्या आधी ताण्याच्या धाग्यांना खळ देतात, त्याला साईजिंग म्हणतात. ती खळ थानात तशीच असते, खाली कापसाचं स्वतःचं मेण असतं. मी कापडावर पाण्याचा थेंब टाकून पाहिला. अळूच्या पानावर राहावा तसा तो वरच राहिला. ज्या कापडात पाणी शिरत नव्हतं त्यात रंग कुठून शिरणार?

तेव्हापासून माझा निम्म्याहून जास्त वेळ रंगाच्या आधीच्या कामात जातो, आणि मला आता तेच जास्त आवडतं. थान रात्रभर कोमट पाण्यात भिजत ठेवायचं, सकाळी खळखळून धुवायचं. मग मोठ्या पातेल्यात धुण्याचा सोडा घालून दोन तास उकळायचं. पांढऱ्या स्वच्छ दिसणाऱ्या कापडातून चहासारखं पाणी निघतं. दरवेळी निघतं आणि दरवेळी मी ते वाकून बघते. वाळवून पुन्हा थेंब टाकायचा. आता तो टेकतो न टेकतो तोच दिसेनासा होतो. आजी कोऱ्या माठाबद्दल म्हणायची, 'तहानलाय', तसं हे कापड तहानलेलं असतं.

पण नुसत्या तहानेनंही भागत नाही. रेशीम आणि लोकर रंगाला चटकन आपलंसं करतात, कारण ती प्रथिनं आहेत. कापूस म्हणजे सेल्युलोज. त्याचा आणि झाडपाल्याच्या रंगाचा थेट स्नेह जुळत नाही, मध्यस्थ लागतात. पहिला मध्यस्थ हिरडा. रविवार कारंज्याकडच्या काष्ठौषधीच्या दुकानात मी मागायला गेले तर दुकानदारानं बाळहिरडा पुढं केला. पोटासाठी तोच लागतो. मला हवा होता मोठा, वाढलेला, ज्यात तुरटपणा म्हणजे टॅनिन भरपूर असतं, कातडं कमवायला वापरतात तसला. एक किलो कापडाला साधारण दोनशे ग्रॅम हिरड्याची पूड. त्यात कापड रात्रभर बुडवायचं, पिळायचं आणि न खळबळता उन्हात टाकायचं. वाळलं की मोतिया रंगाचं होतं, हाताला किंचित करकरीत लागतं. दुसरा मध्यस्थ तुरटी. किलोला दीडशे ग्रॅम, गरम पाण्यात विरघळवून, पुन्हा रात्रभर. कापसाला हिरडा धरून ठेवतो, हिरड्याला तुरटी, आणि तुरटीला येऊन रंग बिलगतो. ही साखळी जुळली की मग साबणाचं काही चालत नाही.

या कामात घाई चालत नाही हे सांगायलाच नको. शनिवारी भिजवलेल्या थानाला रंग लागेपर्यंत बुधवार उजाडतो.

मग डाळिंब. वाळलेली साल कापडाच्या वजनाइतकी घ्यायची, आदल्या रात्री भिजवायची, तासभर उकळून गाळून घ्यायची. आमच्याकडं येतं ते बहुतेक भगवा वाणाचं डाळिंब. साल बाहेरून लालभडक, दाणे तर रक्तासारखे. पण कापडावर रंग येतो पिवळा. उन्हात पिकलेल्या गव्हाकडं झुकणारा, जाडसर पिवळा. भाषेत आपण 'डाळिंबी' म्हणतो तो लाल दाण्यांचा, आणि तो कापडावर टिकत नाही. टिकतो तो सालीतला तुरटपणा, जो डोळ्यांना दिसतही नाही. बिटाचा रंग पाहून जीव हरखतो, हातावरही चढतो, पण कापडावरून पळून जातो. जास्वंद तशीच. आपल्याकडं म्हण आहेच, तेरड्याचा रंग तीन दिवस. आणि सगळ्यात चकित केलं ते हिरव्यानं. सगळं रान हिरवं असून पक्का हिरवा देणारं झाड जवळजवळ नाही. पानांतला हिरवा उन्हात टिकत नाही. जुने रंगारी हिरवा करायचे तो आधी नीळ देऊन, वर पिवळा चढवून.

भाषेत मात्र ते सगळे रंग अजून पक्के बसलेत. कुसुंबी म्हणताना करडईचं फूल कुणाच्या मनात येत नाही, पण तो रंग त्याच पाकळ्यांचा. त्यातही गंमत अशी, की पाकळ्यांतला पिवळा साध्या पाण्यानं वाहून जातो, आणि तो पुरता धुऊन टाकल्यावर खाराच्या पाण्यात लाल सुटतो. निळा आणि नीळ हे तर एकाच मुळाचे शब्द.

पिवळं झालेलं थान पातेल्यात असतानाच त्यात कधी कधी मी हिराकस घालते. हे दाखवायला मी शेजारच्या मुलांना मुद्दाम गच्चीवर बोलावते. हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार, फिकट हिरवे खडे. चमचाभर पाण्यात विरघळवून कापड बाजूला धरून ओतायचं आणि कापड खाली सोडायचं. बघता बघता पिवळ्यात सावली शिरते. आधी कडा मळतात, मग घड्यांच्या आतून शेवाळी वर येतो, काठीनं दोनदा खालीवर केलं की सगळं थान पावसाळ्यातल्या घाटाच्या कातळाच्या रंगाचं. मिनिटभराचा खेळ. तुरटी आणि लोखंड अदलाबदल केली की त्याच सालीतून दोन वेगळे ऋतू निघतात.

लोखंडाच्या या जादूनं मला एक दुखणंही दिलं. पहिल्या वर्षी मी थोरल्या बहिणीसाठी एक ओढणी केली, काळसर हवी म्हणून हिराकस मापाबाहेर घातला. ओढणी सुंदर झाली. दोन वर्षांनी ती खांद्याच्या घडीवर विरली, बोट लावलं की धागे तुटायचे. लोखंड जास्त झालं की ते कापसाला हळूहळू खातं. बहीण काही बोलली नाही, ओढणी घडी करून तिनं कपाटात ठेवली आहे. आता मी हिराकस तराजूवर मोजून घेते, किलोला दहा-वीस ग्रॅम, वर नाही. त्याच वर्षी पिवळी थानं मळकट निघायला लागली तेव्हा चूक कुठं होते ते कळेना. शेवटी कळलं, बोअरच्या पाण्यात लोखंड होतं. मी घालायच्या आधीच पाणी घालत होतं. तेव्हापासून पिवळ्यासाठी श्रावणातलं गच्चीवरचं पाणी पिंपात साठवून ठेवते.

अण्णांच्या पेढीवरच्या चोपड्या लाल कापडात बांधलेल्या असत. त्या जाड लाल कापडाला खारवा म्हणतात. अण्णांच्या काळात तो लाल कारखान्यातला होता, पण मूळचा खारवा रंगायचा तो आलीच्या मुळांनी. आल हे झाड, त्याच्या जातभाईला आपल्याकडं बारतोंडी म्हणतात, एके काळी खानदेशात, वऱ्हाडात शेतात लावत. लाल रंग मुळाच्या सालीत असतो, आणि तो भरायला तीन-चार वर्षं लागतात. तीन-चार वर्षं शेत अडवून ठेवणारं पीक, आणि समोर 1869 साली जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी दगडी कोळशाच्या डांबरापासून केलेला ॲलिझरीन हा लाल रंग. त्याआधी 1856 मध्ये लंडनला विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाला हिवतापावरचं औषध करताना जांभळा रंग सापडला होता. 1897 मध्ये कारखान्याची नीळ बाजारात आली. चाळीस वर्षांत खेळ संपला. निळीचं काम करणारे ते निराळी, छापणारे भावसार, रंगवणारे रंगारी, ही माणसं कुठं गेली नाहीत. आडनावं आहेत, जाती आहेत. माझ्याबरोबर शाळेत रंगारी आडनावाची मुलगी होती. तिच्या घरी पिठाची गिरणी होती.

मला या इतिहासाबद्दल राग धरता येत नाही. तो जांभळा आल्यावर गरिबाच्या अंगावरही रंग आला, हे खरं आहे. माझी तक्रार वेगळी आहे. रंग स्वस्त झाला त्याबरोबर तो कशाचा आहे हे विचारायची सवय गेली.

ती सवय नाशिकमध्ये वर्षातून एक दिवस तरी परत येते. लग्न होऊन इथं आले तेव्हा पहिल्यांदा मी रहाड पाहिली. नाशिकची खरी रंगांची मजा धुळवडीला नसते, रंगपंचमीला असते. जुन्या गावात शनिचौकात, तिवंध्यात, दिल्ली दरवाजाला, तांबट गल्लीत जमिनीखाली दगडी हौद आहेत, पेशव्यांच्या वेळचे, त्याच रहाडी. वर्षभर वर फळ्या आणि माती, त्यावरून गाड्या जातात. रंगपंचमीला ते उघडतात, पूजा होते, परंपरेनं पळसासारखी फुलं उकळून केलेला रंग भरतात, आणि पोरं वरून धपाधप उड्या मारतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. माझे दीर उडी मारून आले की दोन-तीन दिवस ऑफिसला तसेच रंगलेल्या कानांनी जायचे. पळसाचा रंग अंगावर असा टिकतो, आणि साध्या सदऱ्यावरून मात्र दोन धुण्यांत जातो. तेव्हा मला याचं कोडं वाटायचं. आता कळतं, की सदऱ्याला कुणी हिरडा दिलेला नसतो.

झेंडूचं काम दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. आमच्या गल्लीतली तोरणं, गाड्यांवरच्या माळा मी मागून आणते. पहिल्या वर्षी समोरच्या काकू म्हणाल्या, "देवाची फुलं गं, गंगेत सोडायची असतात." नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. मी म्हटलं, दाराची द्या, देव्हाऱ्यातली राहू द्या. दुसऱ्या वर्षी त्यांनीच फोन केला, माळा काढून ठेवल्यात म्हणून. झेंडूचा पिवळा डाळिंबापेक्षा उजळ, पण उन्हात लवकर विटतो. त्याचं कापड मी सावलीत वाळवायला सांगते, आणि रिठ्यानं धुवायला.

इथं एक मनातलं बोलते. गावातल्या एका प्रदर्शनात मी 'शंभर टक्के नैसर्गिक, केमिकलमुक्त' अशी चिठ्ठी लावलेला कुर्ता घेतला होता, पोपटी. तेव्हा मला हिरव्याची गोष्ट माहीत नव्हती. इतका झगझगीत पोपटी कुठल्या झाडातून आला, असं नंतर विचारलं तर विक्रेत्यानं 'पालकापासून' असं सांगितलं. पालकाचा हिरवा दोन दिवस उन्हात टिकणार नाही, आणि तो कुर्ता वर्षभर वापरूनही तस्सा आहे. फसवलं गेल्याचं दुःख कमी. ज्यांनी चार-चार दिवस खपून खरा हिरवा आणला, त्यांच्या कष्टांची ही चोरी आहे, हे जास्त लागतं. आणि 'केमिकलमुक्त' हा शब्दच मला मान्य नाही. तुरटी रसायनच आहे, हिराकसही, धुण्याचा सोडाही. मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, घालून झकास रंग येतो, मी घालत नाही, कारण ते पाणी शेवटी जमिनीत जाणार. झाडाचा रंग आहे म्हणून सगळे गुन्हे माफ होत नाहीत. पाण्याचंच घ्या. तीन मीटरच्या तुकड्याला माझ्या मोजणीनं बारा-तेरा बादल्या लागतात. सिन्नर-येवल्याकडं मे महिन्यात टँकरची वाट बघत हंडे रांगेत असतात, आणि मी गच्चीवर थान खळबळत बसायचं, हे मला जमत नाही. म्हणून एप्रिल-मे बंद. एरवी एका पातेल्यात आधी गडद, मग फिकट, मग त्याहून फिकट असे तीन तुकडे काढते, रंगाचं पाणी संपेपर्यंत.

नीळ मला अजून नीट जमलेली नाही. निळीचा पिंप जिवंत, म्हणजे आंबत असलेला, लागतो. चुना, गूळ, आणि दक्षिणेकडचे रंगारी त्यात टाकळ्याचं बी शिजवून घालतात. टाकळा म्हणजे आपण पावसाळ्याच्या सुरुवातीला जो कोवळा खुडून भाजीला घेतो तोच. त्याच्या शेंगा मी गंगापूर धरणाच्या वाटेवरून गोळा करून ठेवल्या आहेत. एकदाच पिंप लागला होता. कापड बाहेर काढलं तेव्हा ते हिरवट पिवळं होतं, आणि हवा लागताच माझ्या हातात, कोपऱ्यापासून मध्याकडं, निळं होत गेलं. त्यानंतर दोनदा पिंप नासला. या पावसाळ्यात पुन्हा लावणार आहे.

अण्णा आता कायमचे आमच्याकडं असतात. सकाळी चहा झाला की गच्चीवर खुर्ची टाकून बसतात. रंगात त्यांना फार रस नाही, पण थान उलगडलं की हात आपोआप पुढं येतो. तर्जनी आणि अंगठ्यात कड धरून ते कापड पुढं सरकवत नेतात, तुटका धागा आला की थांबतात. भिंग अजून खिशात असतं.

मागच्या कार्तिकात मी त्यांच्या सदऱ्यासाठी तीन मीटर घेतलं, मालेगावचंच, त्यांनीच ओळखीच्या लूमवाल्याला फोन करून मागवलेलं. त्याला डाळिंब दिलं नाही, कांदा दिला नाही. नुसता हिरडा, दोनदा, आणि मोजून थोडा हिराकस. मोतिया कापड पाण्यात गेलं आणि ढग भरून यावेत तसं भरून आलं. खळबळून दोरीवर टाकलं. उतरत्या उन्हात वाळलं तेव्हा मधमाश्यांच्या जुन्या पोळ्यासारखी, किंचित उबदार अशी राखाडी छटा आली होती.

अण्णा उठून दोरीजवळ गेले. कड चिमटीत धरली, भिंग लावलं, बराच वेळ ओठ हलत होते, धागे मोजत असणार. मग भिंग खिशात ठेवलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले,

"ताई, आता झालं बघ हे ग्रे."